इंग्लिश गुलाबाचा बहार कधी धरायचा?

दर थंडीत हे होतं. मोबाइलवर कुणाच्या तरी गच्चीतल्या गुलाबाचा फोटो येतो. नेहमीच्या गुलाबासारखी उभी, टोकदार कळी नसते. फूल वाटीसारखं गोल असतं, आत पाकळ्यांवर पाकळ्या ठासून भरलेल्या, रंग पिकल्या जर्दाळूचा. खाली लिहिलेलं असतं ‘डेव्हिड ऑस्टिन’. आपण चौकशी करतो, साध्या कलमाच्या कितीतरी पट पैसे मोजतो आणि रोप घरी आणतो. फेब्रुवारीपर्यंत दोन-चार फुलं अगदी फोटोसारखी येतात, शेजाऱ्यांना बोलावून दाखवली जातात. एप्रिलमध्ये तेच झाड लिंबाएवढं फिकट फूल देतं, ते सकाळी उमलतं आणि दुपारी गळतं. जुलैत पानं पिवळी पडून झडतात. दसऱ्याला कुंडीत काळ्या पडलेल्या काड्या उरतात.

मी अशी तीन रोपं घालवली. पाणी, खत, फवारणी सगळं वेळच्या वेळी होत होतं. चुकत एवढंच होतं की मी त्या झाडाकडे भलत्याच महिन्यांत फुलं मागत होते.

## इंग्लिश गुलाब म्हणजे नेमकं काय

नावावरून वाटतं, हा इंग्लंडचा फार जुना गुलाब असावा. प्रत्यक्षात तो आपल्या आई-वडिलांच्या पिढीचा आहे. श्रॉपशायर परगण्यात अल्ब्राइटन नावाचं गाव आहे. तिथल्या डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) या शेतकऱ्याच्या मुलाने हौसेखातर गुलाबांचे संकर करायला सुरुवात केली. युरोपातल्या जुन्या गुलाबांचा भरगच्च आकार आणि वास त्यांना हवा होता, पण ते गुलाब वर्षातून एकदाच फुलायचे. नवे गुलाब पुन्हा पुन्हा फुलत आणि त्यांत पिवळे-केशरी रंगही होते, मात्र वासात आणि आकारात ते कमी पडत. दोन्ही एका झाडात आणायचं, हा ऑस्टिन यांचा ध्यास.

त्यांचा पहिला गुलाब ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ १९६१ साली बाजारात आला. एका बाजूने ‘बेल इसिस’ हा जुना गुलाब आणि दुसऱ्या बाजूने ‘डेन्टी मेड’ हा झुबक्यांनी फुलणारा नवा गुलाब. फूल देखणं होतं, पण एकदाच फुलणारं. पुढचे संकर करत १९६९ मध्ये पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब आले. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात १९८३ साली पिवळा ‘ग्रॅहम थॉमस’ आणि गुलाबी ‘मेरी रोझ’ लोकांनी पाहिले आणि ऑस्टिन यांचं नाव जगभर झालं.

म्हणजे या झाडात दोन घराण्यांचं रक्त आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

## अल्ब्राइटनचा जून, पुण्याचा डिसेंबर

अल्ब्राइटनला जून महिन्यात दुपारी साधारण १९-२० अंश असतात आणि रात्री १० च्या आसपास. पुण्यात डिसेंबरात दुपारी साधारण २९ आणि रात्री १२. दुपारी जुळत नाहीत, पण रात्री जवळजवळ जुळतात. आणि भरलेलं फूल हवं असेल, तर गुलाबाला दुपारपेक्षा रात्र जास्त महत्त्वाची.

पावसाचंही बघा. वर्षाचा एकूण पाऊस अल्ब्राइटनला आणि पुणे शहरात साधारण सारखाच, ७०० मिलिमीटरच्या आसपास. पण तिथे तो बाराही महिने थोडाथोडा पडतो आणि आपल्याकडे चार महिन्यांत ओततो. जूनमधला दिवस तिथे जवळजवळ १७ तासांचा, तिरप्या आणि मऊ उन्हाचा. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवसही १३ तासांचा आणि सूर्य डोक्यावर.

थोडक्यात, इंग्लंडचा जून आपल्याकडे डिसेंबरात येतो.

## उष्णतेने फुलाचं काय बिघडतं

झाडाचा हिशोब घरखर्चासारखा आहे. दिवसा पानं उन्हात साखर तयार करतात, ही कमाई. जिवंत राहण्यासाठी झाड चोवीस तास ती साखर जाळत असतं, हा खर्च. याला श्वसन म्हणतात. रात्री कमाई बंद असते, खर्च मात्र चालूच. तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च साधारण दुप्पट होतो. पुण्यात डिसेंबरची रात्र १२ अंशांची आणि मेची २२-२३ ची. म्हणजे मे महिन्यात प्रत्येक रात्री झाड दुपटीने साखर जाळतं. त्यात दुपारच्या कडक उन्हात पाणी वाचवण्यासाठी पान आपली बारीक छिद्रं मिटून घेतं, त्यामुळे दिवसाची कमाईही घटते. कमाई कमी, खर्च दुप्पट. शंभर पाकळ्यांचं फूल कुठून आणणार?

दुसरी गोष्ट वेळेची. बासुंदी मंद आचेवर आटली तरच दाट होते, गॅस मोठा केला तर ती खाली लागते. कळीचंही तसंच आहे. थंड रात्रींत कळी हळूहळू मोठी होते, पाकळीत पाकळी भरत जाते. उन्हात ती घाईने उमलते, म्हणून फूल लहान राहतं.

तिसरी गोष्ट मला स्वतःला फार विलक्षण वाटते. रानातल्या गुलाबाला पाचच पाकळ्या असतात आणि मधे पुंकेसरांचा मोठा पुंजका. भरगच्च गुलाबातल्या बहुतेक पाकळ्या म्हणजे पाकळी होऊन बसलेले पुंकेसर आहेत. फूल घडत असताना ‘इथवर पाकळ्या, इथून पुढे पुंकेसर’ अशी एक सीमा ठरते. ही सीमा तापमानाने सरकते. थंडीत पुंकेसर घडवणारं जनुक दबतं आणि पाकळ्यांची संख्या वाढते, उष्णतेत उलटं होतं. एप्रिलमधलं तुमचं फूल नुसतं लहान नसतं, त्यात पाकळ्या खरोखरच कमी असतात. मोजून बघा. कळी घडत असतानाच ते ठरलेलं असतं, त्यामुळे नंतर कितीही खत ओतलं तरी त्या फुलात पाकळ्या वाढत नाहीत.

रंग आणि वास यांची गत वेगळी नाही. गुलाबी-लाल रंगद्रव्य उष्णतेत कमी तयार होतं. वासाची तेलं उडून जातात, म्हणून तर कनौजला अत्तराचा गुलाब पहाटे तोडतात. काही इंग्लिश गुलाबांना बडीशेपेच्या जवळ जाणारा एक खास वास असतो. तो घ्यायचा असेल तर जानेवारीतल्या सकाळी सातला गच्चीवर जा.

## नाशिकच्या बागाईतदाराची युक्ती

ही अडचण महाराष्ट्राला नवी नाही. द्राक्षवेलही मूळ थंडीच्या देशातली. युरोपात तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते. नाशिककडे वेलीला बर्फाची झोप कुठून मिळणार? म्हणून आपल्या बागाईतदारांनी दोन छाटण्या बसवल्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. संत्र्या-डाळिंबाचे शेतकरी तर सरळ विचारतात, ‘यंदा कोणता बहार धरलाय?’ मृग, हस्त की आंबिया. झाडाला जमेल तेव्हा जमेल तसं येऊ द्यायचं नाही. हवा, पाणी, बाजार बघून एक बहार निवडायचा आणि झाडाची सगळी ताकद तिकडे लावायची.

इंग्लिश गुलाबाला नेमकं हेच करायचं आहे. त्याचा बहार डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत धरायचा. बाकीचे महिने झाड नुसतं धडधाकट ठेवायचं.

पाऊस उघडला की, साधारण १५ ऑक्टोबरच्या सुमारास, छाटणी करायची. ४५ ते ५५ दिवसांत पहिली फुलं येतात. ती बरोबर डिसेंबरच्या थंड रात्रींत भरतात. त्यानंतर प्रत्येक फूल वाळलं की दोन-तीन पानांच्या खाली कापत गेलं, तर फेब्रुवारीअखेर आणखी एक बहर सहज निघतो.

छाटणी किती खोल? इंग्रजी पुस्तकं वाचून मी पहिल्या वर्षी अर्ध्याहून जास्त झाड उतरवलं आणि ते पुन्हा उभंच राहिलं नाही. आपल्या हवेत पाने आणि हिरव्या फांद्या हाच झाडाचा साठा असतो. मेलेलं, कोळपलेलं, आत वळलेलं काढा आणि उरलेल्याचा फार तर एक तृतीयांश भाग उतरवा.

मग लोक विचारतात, एवढीच छाटणी केली तर झाड ताडासारखं वाढतं, त्याचं काय? खरं आहे. उष्ण हवेत ‘ग्रॅहम थॉमस’सारखे गुलाब आठ-दहा फुटांच्या छड्या टाकतात आणि फूल फक्त शेंड्यावर देतात. याचं कारण असं, की शेंडा एक संप्रेरक खाली पाठवून बाजूच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. छडी हळूच वाकवून आडवी बांधली की हा धाक सुटतो आणि डोळ्याडोळ्यातून फुटवा येतो. कठड्याला आडव्या बांधलेल्या एका छडीवर मी अकरा फुलं मोजली आहेत. कात्रीपेक्षा सुतळी जास्त कामाची.

## मार्च ते जून: फूल नको, झाड हवं

होळी झाली की माझा नियम साधा आहे. कळी दिसली की खुडायची. पहिल्या वर्षी हात धजत नाही, पण त्या फुलावर जाणारी साखर मुळांना आणि फांद्यांना हवी असते.

सकाळचं पाच-सहा तास ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल अशी जागा द्या, नाहीतर वर हिरवी जाळी बांधा. गच्चीवर काळी प्लास्टिकची कुंडी किंवा काळी पिशवी असेल तर ती बदला. उन्हात त्यातली माती इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. मातीची मोठी कुंडी उत्तम. नसेल तर बाहेरून पांढरा रंग द्या किंवा एका कुंडीत दुसरी ठेवा. मातीवर वाळल्या पानांचं दोन-तीन इंच आच्छादन घाला. मे महिन्यात रासायनिक खत घालू नका. तापलेल्या, दमलेल्या मुळांना ते सोसत नाही.

पानांची खालची बाजू रोज बघा. धुळकट दिसली, बारीक जाळं दिसलं, तर तो लाल कोळी. कोरड्या उन्हात तो भराभर वाढतो. सकाळी पाण्याचा फवारा पानाखाली जोरात मारला की अर्धं काम होतं. मात्र गंधकाची फवारणी भर उन्हाळ्यात टाळा, पानं करपतात.

काही जण कुंडीत बर्फाचे खडे ठेवतात. पाव तासात ते वितळतात, आणि झाडाला हवी असते ती हवेतली, रात्रभराची थंडी. तो बर्फ सरबतात घाला.

बोअरवेलच्या पाण्याबद्दल एक सांगून ठेवते. गुलाबाला किंचित आम्ल माती आवडते, सामू (pH) ६ ते ६.५. देशावरची काळी माती आणि जड पाणी दोन्ही उलट्या बाजूचे. मग जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी आणखी युरिया घालून काही होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत वाढवा, आणि जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवा.

## पावसाळा उन्हापेक्षा वाईट

माझा अनुभव विचाराल तर झाडं उन्हाने कमी आणि पावसाने जास्त जातात. पानांवर काळे ठिपके पडून ती पिवळी होतात आणि गळतात, ही एक बुरशी. तिचं बीज रुजायला पान सलग सुमारे सात तास ओलं राहावं लागतं. इंग्लंडमध्येही ती आहे, पण तिथे मधे वारा सुटतो, पान वाळतं. आपल्याकडे श्रावणात पान वाळतं कधी?

पिवळ्या गुलाबांना हा रोग जास्त होतो आणि त्यामागे इतिहास आहे. फ्रान्सच्या पेर्ने-दुशे यांनी ‘पर्शियन यलो’ या गुलाबापासून संकर करून १९०० साली ‘सोलेय द’ऑर’ आणला. आजच्या बागांतल्या गुलाबांना गडद पिवळा रंग या वाटेने मिळाला. रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांची नाजूक प्रकृतीही घराण्यात आली.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवा, दोन कुंड्यांत हात जाईल एवढं अंतर ठेवा, जमिनीलगतची पानं काढून टाका, गळलेलं प्रत्येक पान उचला. शक्य असेल तर कुंडी पत्र्याखाली सरकवा. तांब्याचं बुरशीनाशक पाऊस लागायच्या आधी एकदा आणि मग उघडीप मिळेल तसं द्या. या दिवसांत आलेली भरगच्च कळी बहुधा उमलतच नाही, बाहेरच्या पाकळ्या ओल्या कागदासारख्या चिकटतात आणि ती आतल्या आत कुजते. तिची वाट बघू नका.

## ‘पण त्याला हिवाळ्याची झोप लागतेच ना?’

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो, आणि निम्मा खरा आहे. कोकणात थंडी पडली की हापूसला मोहोर फुटतो, थंडी लांबली की बागाईतदाराचा जीव टांगणीला लागतो. युरोपातले जुने गुलाब असेच. हिवाळा गेल्यावर एकदा फुलायचं आणि मग फुलण्याला ब्रेक. हा ब्रेक लावणारं एक जनुक सापडलं आहे.

चीनमधल्या बागांतल्या गुलाबांत त्या जनुकाच्या मधे डीएनएचा एक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ब्रेक लागतच नाही. नवा फुटवा आला की फूल. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे चिनी गुलाब युरोपात जाऊ लागले, त्यातला एक लाल गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून कलकत्त्याहून गेला. पुन्हा पुन्हा फुलणाऱ्या इंग्लिश गुलाबात हे चिनी रक्त आहे. म्हणून त्याला बर्फाळ झोपेची गरज नाही. कळी भरायला थंड रात्री हव्यात, तेवढंच. ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ मात्र जुन्या वळणाचा आहे, तो आपल्याकडे लावू नये.

## रोप घेताना

आंब्याच्या कलमात वर हापूस आणि खाली रायवळ. गुलाबातही तसंच, खालच्या झाडाला खुंट म्हणतात आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. युरोपातले खुंट थंड मातीसाठी निवडलेले असतात. आपल्याकडे मल्टिफ्लोरा, एडवर्ड किंवा नाताल ब्रायर या खुंटांवर डोळे भरतात, ते आपली उष्णता सोसतात. विकणाऱ्याला खुंट विचारा. सांगता आलं नाही, तर दुसरीकडे बघा. डोळ्याच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा असतो, तो मुळापासून ओढून काढा.

‘निळ्या इंग्लिश गुलाबाचं बी’ विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. बियांपासून त्याच जातीचं झाड येत नाही, प्रत्येक बी नवा संकर असतो. नावाची खात्री करायची एक खूण आहे. ऑस्टिन यांच्या गुलाबांना विक्रीच्या नावाशिवाय एक नोंदणीचं नाव असतं आणि ते ‘ऑस’ने सुरू होतं. ‘ग्रॅहम थॉमस’चं ‘ऑसमास’, ‘गोल्डन सेलिब्रेशन’चं ‘ऑसगोल्ड’.

लंडनला असलेली भाची किंवा मुलगा बॅगेतून रोप आणायला तयार असतो. आणू देऊ नका. केंद्र सरकारच्या २००३ च्या आदेशानुसार परदेशी रोपाला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. एका रोपाबरोबर येणारी कीड शेजारच्या शेतापर्यंत पोचू शकते, त्यामुळे हा नियम योग्यच आहे.

जात निवडताना मी ‘अब्राहम डार्बी’पासून सुरुवात करायला सांगेन. त्याचे आई-बाप दोन्ही नव्या घराण्यातले, त्यामुळे अंगाने दणकट. ‘गोल्डन सेलिब्रेशन’, ‘मेरी रोझ’, ‘हेरिटेज’ हेही चांगले. पहिल्या वर्षी एकच रोप घ्या.

## मुंबई, कोकण, गोवा, आणि नागपूर

किनाऱ्यावर खरं बोलावं लागतं. मुंबईत जानेवारीची रात्रही १७-१८ अंशांच्या आसपास, आणि हवा दमट. तिथे बहार डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच. फूल फोटोपेक्षा लहान येणार. कमी पाकळ्यांच्या, सहज उमलणाऱ्या जाती घ्या. गोव्यात समुद्राजवळ असाल तर मी आग्रह करणार नाही.

नागपूरकरांनी मात्र ४३ अंशांना घाबरू नये. तिथे डिसेंबरच्या रात्री पुण्याइतक्याच गार असतात. फुलं सुरेख येतात, फक्त जाळी आपल्यापेक्षा महिनाभर आधी बांधावी लागते.

## ‘मग आपला गावठी गुलाबच का नको?’

हवाच. अंगणातला तो गुलाबी, सैल पाकळ्यांचा, वासाचा गुलाब उन्हाला डगमगत नाही. नर्सरीवाले ज्याला एडवर्ड म्हणतात आणि खुंट म्हणून वापरतात, तो तर हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर जन्मलेल्या घराण्यातला, एका बाजूने दमास्क हा जुना वासाचा गुलाब आणि दुसऱ्या बाजूने चिनी. इंग्लिश गुलाबाच्या रक्तातही हीच नावं सापडतात. म्हणजे कलमात वर एक भाऊबंद आणि खाली दुसरा.

आपल्या हवेचे नवे गुलाब घडवण्याचं कामही झालेलं आहे. निवृत्त सनदी अधिकारी एम. एस. वीरराघवन आणि गिरिजा वीरराघवन यांनी कोडाईकनालला राहून अनेक वर्षं असे संकर केले. मणिपूरच्या डोंगरातला रोझा जायगँटिया आणि बंगाल-बिहारच्या पाणथळीत पाय बुडवून उभा राहणारा रोझा क्लायनोफिला, हे दोन भारतीय रानगुलाब त्यांनी त्यासाठी वापरले. श्रावणातल्या कुंडीची कल्पना करून हे पुन्हा वाचा. पाण्यात उभा राहणारा गुलाब आपल्या देशात आहे.

माझ्या गच्चीत इंग्लिश आणि गावठी शेजारी शेजारी आहेत. मार्चपर्यंत लोक पहिल्यापाशी थांबतात. मे महिन्यात तो जाळीखाली गप्प बसलेला असतो, तेव्हा दुसरा फुलतो, आणि त्याच्या पाकळ्या साखरेत घालून मी बरणी उन्हात ठेवते.